इंधनघटाची मोड

सोनाराच्या दुकानांत दिवसभर कानस चालते, मुशी फुटतात, सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात आणि संध्याकाळीं केर निघतो. हा केर उकिरड्यावर जात नाहीं. झारेकरी तो विकत घेतो, पाटींत घालून पाण्यानें घोळघोळून धुतो, हलकी माती वाहून जाऊं देतो आणि तळाशीं राहिलेल्या जड गाळांतून सोनें वेगळें काढतो. इतरांना जो केर दिसतो त्यांत झारेकऱ्याला खाण दिसते. ह्या धंद्याचें सार एवढेंच कीं, वस्तूचा उपयोग संपला म्हणजे तींतील द्रव्य संपलें असें नव्हे. घरोघरच्या गृहिणींनाहि हें तत्त्व पाठ असतें. दागिना मोडला तर घडणावळ जाते, सोनें राहतें. म्हणून दागिना घेतांनाच त्याची मोड काय येईल, हा प्रश्न त्या विचारतात.

नव्या यंत्रांच्या बाबतींत मात्र हा शहाणा प्रश्न सहसा उशीरा विचारला जातो. यंत्र किती चालेल, किती खाईल, किती धांवेल, याची चौकशी पहिल्या दिवशीं होते. तें मेल्यावर त्याचें काय करावयाचें, याची आठवण तें मेल्यावरच होते. हायड्रोजनवर चालणारा इंधनघट, ज्याला कारखानदार 'फ्यूएल सेल' म्हणतात, हें अशा यंत्रांपैकीं एक आहे. धुराऐवजीं पाणी सोडणारें यंत्र म्हणून त्याची कीर्ति झाली आहे आणि ती खोटी नाहीं. परंतु ज्याच्या श्वासांतून शुद्ध पाण्याची वाफ निघते त्याच्या मृत देहाची व्यवस्था जर अशुद्ध रीतीनें होणार असेल, तर ती कीर्ति अर्धीच म्हणावी लागेल. ह्या उरलेल्या अर्ध्याचा विचार येथें करावयाचा आहे.

इंधनघटाची कल्पना नवी नाहीं. विजेचा प्रवाह पाण्यांतून सोडला कीं पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन आणि प्राणवायु हे दोन वायु निघतात, हें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच कळलें होतें. वेल्समधील स्वान्सी येथील विल्यम ग्रोव्ह यानें उलट प्रश्न विचारला: हे दोन वायु पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल काय? १८३९ सालीं त्यानें ती मिळते असें दाखविलें आणि १८४२ सालीं असे पुष्कळ घट जोडून आपली वायूंची विद्युत्माला सिद्ध केली. हा ग्रोव्ह पेशानें वकील होता व पुढें न्यायाधीशहि झाला. त्याच्या घटांत प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. आणि सुमारें पावणेदोनशें वर्षांच्या सुधारणांनंतरहि मोटारींत बसणाऱ्या घटाला प्लॅटिनमचा आधार सोडतां आलेला नाहीं. मध्यंतरीं हा शोध प्रयोगशाळेच्या कपाटांतच पडून राहिला. १९६५ सालीं अमेरिकेच्या जेमिनी अंतराळयानांत त्याला काम मिळालें, चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनाहि इंधनघटांनींच वीज पुरविली, आणि डिसेंबर २०१४ मध्यें जपानच्या टोयोटा कंपनीनें 'मिराई' ही मोटार बाजारांत आणल्यावर तो सामान्य गिऱ्हाइकाच्या दारांत येऊन उभा राहिला.

ह्या घटाच्या अंतरंगाची ओळख करून घेतल्याशिवाय त्याच्या उत्तरक्रियेचा विचार करतां येणार नाहीं. मोटारींत वापरल्या जाणाऱ्या घटाच्या मध्यभागीं केसापेक्षांहि पातळ असा एक पडदा असतो. तो कार्बन व फ्लुओरीन यांच्या लांबलचक साखळ्यांचा बनविलेला असतो. तव्यावर अन्न चिकटूं नये म्हणून ज्या पदार्थाचा लेप देतात त्याचाच हा जवळचा नातलग. पडद्याच्या दोन्ही अंगांना काजळीसारख्या बारीक कार्बनचा काळा थर असतो व त्या कार्बनवर प्लॅटिनमचे कण बसविलेले असतात. हे कण इतके सूक्ष्म कीं, एका मिलिमीटरांत तीनएक लाख कण एका रांगेंत बसतील. त्याबाहेर वायु सर्वत्र सारखा पसरावा म्हणून कार्बनचा कागद, आणि त्याहि बाहेर बारीक नाल्या कोरलेली धातूची किंवा ग्रॅफाइटची पाटी. एका बाजूनें हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या स्पर्शानें त्याचे विद्युत्कण सुटे होतात. उरलेला धनभारित भाग पडद्यांतून पलीकडे जातो. विद्युत्कणांना पडद्यांतून वाट नसल्यामुळें ते तारेच्या वळणानें जातात व जातां जातां मोटार चालवितात. पलीकडे प्राणवायु त्यांची वाट पाहत असतो. तिघांचें मीलन झालें कीं पाणी होतें.

असा एकटा घट काम करीत असतां जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. म्हणून शेंकडों घट एकावर एक रचून, पोथीच्या पानांप्रमाणें दोन जाड फळ्यांमध्यें आवळून ठेवतात. पहिल्या मिराईंत असे ३७० घट होते, आणि त्या सबंध चवडीचें वजन सुमारें ५६ किलो होतें.

आतां हा घट मरतो कसा? त्यांत कोणतेंहि चाक फिरत नाहीं, कोणताहि दट्ट्या घांसत नाहीं. मग झीज कशाची? झीज होते, पण ती आंतल्या आंत. गाडी थांबते, सुटते, चढ चढते, पुन्हा थांबते. त्याबरोबर घटाचा विद्युद्दाब वरखालीं होतो, आणि ह्या वरखालीं होण्यानें प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण थोडेथोडे विरघळूं लागतात. विरघळलेलें प्लॅटिनम शेजारच्या मोठ्या कणावर जाऊन बसतें. लहान कण नाहींसे होतात, मोठे अधिक मोठे होतात. धातु तितकीच राहते, पण तिचा पृष्ठभाग कमी होतो. आणि काम करतो तो पृष्ठभाग. कांहीं प्लॅटिनम भरकटत पडद्यांत शिरून तेथेंच अडकतें. ज्या कार्बनवर हे कण बसविलेले असतात तोहि हळूहळू जळतो. पडद्यांत फार तिखट स्वभावाचे क्षणजीवी रासायनिक तुकडे उत्पन्न होऊन ते त्याच्या साखळ्या कुरतडतात. पडदा विरविरीत होतो आणि शेवटीं त्याला भोंक पडतें. मोटारींतील घटानें निदान ५,००० तास तरी काम द्यावें, असें उद्दिष्ट अमेरिकेच्या ऊर्जाखात्यानें ठेविलें होतें, आणि पुढचें ८,००० तासांचें आहे. मालमोटारींसाठीं हा आंकडा २५,००० तासांवर नेला आहे. तें अशक्य नाहीं. लंडनच्या कांहीं बसगाड्यांतील घटांनीं २०१७ पर्यंत २५,००० तासांची मजल ओलांडली होती.

मरण नेहमीं म्हातारपणींच येतें असेंहि नाहीं. कॅनडांतील व्हिस्लर येथें २०१० च्या हिवाळी ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें इंधनघटांच्या २० बसगाड्या सुरूं झाल्या. खर्च परवडेना म्हणून २०१४ सालीं त्या बंद करण्यांत आल्या आणि त्यांची जागा डीझेलच्या गाड्यांनीं घेतली. अपघात, दिवाळें, धोरणांतील बदल, नव्या नमुन्याचा मोह, अशा अनेक वाटांनीं धडधाकट घटहि भंगारांत येऊन पडतात.

ह्या मरणाच्या वर्णनांतच पुढच्या आशेचें बीज आहे. घट मेला, पण प्लॅटिनम मेलें नाहीं. तें जागा बदलून बसलें आहे, एवढेंच. पहिल्या मिराईसारख्या मोटारीच्या घटमालेंत तें सुमारें ३० ग्रॅम असतें असा अंदाज आहे. नव्या घडणीच्या घटांत तें बरेंच कमी झालें आहे. तीस ग्रॅम म्हणजे जुन्या मापानें अडीच तोळ्यांहून किंचित् अधिक, एवढेंच. परंतु हे अडीच तोळे पृथ्वीच्या पोटांतून काढावयाचे म्हणजे काय, हें पाहण्यासारखें आहे. जगांत खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकीं सुमारें सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेंतून येतें. तेथील बुशवेल्ड नांवाच्या प्रदेशांत १९२४ सालीं हान्स मेरेन्स्की या भूस्तरशास्त्रज्ञानें जो थर शोधून काढला, त्यावर आजहि खोल खाणी चालतात. तेथील एक टन दगडांत प्लॅटिनम व त्याच्या भावंड-धातु मिळून तीन ते पांच ग्रॅम निघतात. म्हणजे एका मोटारीपुरत्या धातूसाठीं निदान सहा ते दहा टन दगड फोडून, दळून, वितळवून टाकावा लागतो. उलटपक्षीं, त्या ५६ किलोंच्या मृत चवडीचा हिशेब टनांत केला तर टनामागें अर्धा किलोहून अधिक प्लॅटिनम पडतें. खाणींतल्या दगडापेक्षां हें भंगार शंभरपटींहून अधिक श्रीमंत आहे. एवढी श्रीमंत खाण मोटारींतून धांवत आपण होऊन कारखान्याच्या दारांत यावी आणि तिला कोणी केर म्हणावें, हें झारेकऱ्याला तरी पटणार नाहीं.

प्लॅटिनम परत मिळविण्याची विद्या जुनी आहे. दक्षिण अमेरिकेंतील सोन्याच्या वाळूंत हा पांढरा जड धातु सांपडे, तेव्हां स्पॅनिश लोकांनीं त्याला 'प्लॅटिना' म्हणजे 'लहानसें रुपें' असें हिणकस नांव दिलें. तो कोणत्याहि भट्टींत वितळेना म्हणून तिरस्काराचा विषय झाला होता. १८०० च्या सुमारास लंडनमध्यें विल्यम वोलस्टन यानें त्याला वठणीवर आणलें. हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणांत, म्हणजे अम्लराजांत, प्लॅटिनम विरघळतें. त्या द्रावणांत कल्हईवाल्याच्या झोळींतला नवसागर घातला कीं प्लॅटिनमचा पिवळा सांका तळाशीं बसतो; तो तापविला म्हणजे करड्या रंगाचा सच्छिद्र धातु उरतो. आजच्या शुद्धीकरणाच्या कारखान्यांतील क्रिया कितीतरी सुधारल्या असल्या तरी हें सूत्र अद्याप ओळखूं येतें. मोटारींचा धूर शुद्ध करणाऱ्या डब्यांतहि प्लॅटिनम असतें. हे डबे अमेरिकेंत १९७५ च्या सुमारास सर्रास बसूं लागल्यापासून जुन्या डब्यांतील धातु परत मिळविण्याचा मोठा व्यापार उभा राहिला आहे. तेव्हां इंधनघटांतील प्लॅटिनम निघेल कीं नाहीं, ही शंका बाळगण्याचें कारण नाहीं. प्रश्न आहे तो तें काढतांना दुसरें काय निघेल, हा.

भट्टीचा उपाय सर्वांत सोपा. पडदा, कार्बन, कागद सर्व एकत्र जाळून टाकावें आणि राखेंतून प्लॅटिनम काढावें. साध्या कचऱ्याला हें चाललें असतें. पण पडद्यांत फ्लुओरीन आहे. तो जळला कीं हायड्रोजन फ्लुओराइड नांवाचा वायु सुटतो. हा वायु कांचेलाहि खातो. त्याचें आम्ल कातडीला लागलें तर वरून फारशी जखम न दिसतां तें आंत शिरतें, शरीरांतील कॅल्शियम बांधून टाकतें आणि हाडांपर्यंत पोंचतें; थोड्या जागेवरचा डागहि जिवावर बेततो. मोठ्या कारखान्यांत हा वायु चुन्याच्या किंवा दुसऱ्या अल्काच्या फवाऱ्यांतून नेऊन पकडतां येतो. त्यासाठीं खास धातूंचीं नळकांडीं, सतत देखरेख व शिस्त लागते. शिवाय ह्या पद्धतींत पडदा फुकट जातो. फ्लुओरीनचा हा पडदा स्वतःच महाग आणि करावयास कठीण असा पदार्थ आहे. त्याची राख करून प्लॅटिनम मिळविणें म्हणजे पैठणीची जर काढण्यासाठीं पैठणी जाळण्यासारखें आहे.

न जाळतां पुरून टाकावा, तर तेंहि निर्धोक नाहीं. कार्बन व फ्लुओरीन यांची गांठ निसर्गांतील कोणत्याहि जंतूला सहजासहजीं सुटत नाहीं. ह्या वर्गांतील पदार्थ माती, पाणी व प्राणिमात्रांचीं शरीरें यांत वर्षानुवर्षें टिकतात, हें उघड झाल्यामुळें २०२३ सालाच्या आरंभीं जर्मनी, नेदर्लंड्स, डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे ह्या पांच राष्ट्रांनीं मिळून ह्या संपूर्ण वर्गावर निर्बंध घालावे असा प्रस्ताव युरोपच्या रसायन-संस्थेकडे सादर केला. इंधनघटाचा पडदा त्याच कुळांतला. ज्या पडद्यामुळें मोटार धूररहित झाली तोच पडदा कायद्याच्या दृष्टीला संशयित ठरावा, ही गोष्ट उद्योगाला अडचणीची वाटली तरी तिच्यांत न्याय आहे. पडदा वापरावयाचा असेल तर तो परत घेण्याची जबाबदारीहि वापरणारानें पत्करली पाहिजे.

म्हणून गेल्या कांहीं वर्षांत शास्त्रज्ञांचें लक्ष भट्टीकडून पुन्हा भांड्याकडे वळलें आहे. अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणांत जुना पडदा भिजविला तर तो फुगतो, आणि त्यावरचे काळे थर सालीसारखे सुटून येतात. उष्णता व दाब वाढविला तर पडदा स्वतःच त्या मिश्रणांत विरघळतो. मग गाळून कार्बन व प्लॅटिनम एकीकडे, पडद्याचें द्रावण दुसरीकडे, अशी फोड करतां येते. द्रावण ओतून नवा पडदा धरतां येतो. मात्र म्हाताऱ्या पडद्याच्या साखळ्या आंखूड झालेल्या असतात व त्यांत लोखंडासारख्या धातूंचे अंश अडकलेले असतात. आम्लानें धुवून ते काढावे लागतात, आणि एवढें करूनहि तो नव्याची बरोबरी सर्व बाबतींत करीलच असें नाहीं. १८१७ पासून मौल्यवान् धातूंच्या धंद्यांत असलेल्या जॉन्सन मॅथी या ब्रिटिश कंपनीनें प्लॅटिनम आणि पडद्याचा पदार्थ हीं दोन्हीं एकाच रासायनिक क्रमांत परत मिळविण्याची पद्धति प्रयोगशाळेच्या पातळीवर दाखविली आहे. दुसरा एक मार्ग मोठा गमतीचा आहे. विद्युद्दाब वरखालीं झाल्यानें प्लॅटिनम विरघळतें व घट मरतो, हें वर सांगितलेंच आहे. संशोधकांनीं ह्याच दोषाला कामाला लावलें: जुना थर सौम्य आम्लांत ठेवून मुद्दाम विद्युद्दाब वरखालीं करावयाचा, म्हणजे तीव्र अम्लराजावांचून प्लॅटिनम द्रावणांत उतरतें. रोगाचेंच औषध केल्याचें हें उदाहरण होय.

प्लॅटिनम व पडदा यांवर एवढें बोलणें झाल्यावर बाकीच्या अवयवांना विसरून चालणार नाहीं. कारण वजनानें तेच अधिक आहेत. धातूच्या पाट्या पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या असतात. त्यांवरील लेप व त्यांना चिकटविलेला रबरासारखा काठ काढला तर त्या पुन्हा वितळवितां येतात. ग्रॅफाइटच्या पाट्या गंजत नाहींत. त्या धुवून, तपासून पुन्हा तशाच वापरतां येतात. सर्वांत अवघड अवयव म्हणजे हायड्रोजनची टांकी. सातशें वातावरणांच्या दाबाखालीं वायु सांठवावयाचा म्हणून प्लॅस्टिकच्या अस्तराभोंवतीं कार्बनच्या धाग्यांचे वेढ्यावर वेढे देऊन ते राळेनें घट्ट बसविलेले असतात. टांकीला आयुर्मर्यादा असते, आणि ती संपल्यावर टांकी दिसावयास कितीहि चांगली असली तरी तींत पुन्हा वायु भरणें योग्य नाहीं. राळ जाळून धागे मोकळे करतां येतात. परंतु ते तुटके व थोडे दुबळे होतात. त्यांची पुन्हा टांकी होत नाहीं. साध्या वस्तूंत भर म्हणून ते उपयोगी पडतात. रेशमी वस्त्राच्या चिंध्यांची गोधडी व्हावी, तसें हें आहे. आणि ह्या सर्वाच्या आधीं एक सावधगिरी: टांकींत व नळ्यांत उरलेला हायड्रोजन काढून टाकून आंत नायट्रोजन फिरविल्याशिवाय हत्यार लावतां कामा नये. हवेंत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेऊं शकतो, आणि त्याची ज्योत दिवसां जवळजवळ दिसत नाहीं.

मोडण्यापूर्वीं दुरुस्तीचा विचार करावा, हेंहि तितकेंच खरें. कॅनडाची बॅलार्ड ही कंपनी आपल्या बसगाड्यांच्या जुन्या घटमाला परत घेते, त्यांतील पाट्या राखून झिजलेले पडदे व थर तेवढे बदलते, आणि काढलेले थर प्लॅटिनमसाठीं पाठविते. जपानी होंडा कंपनीनें २०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील आपल्या आवारांत सुमारें ५०० किलोवॅटचें एक वीजकेंद्र उभारलें. तें तिच्या मोटारींतून काढलेल्या इंधनघटांवर चालविण्याची योजना होती. मोटार चालविण्याच्या कामांतून निवृत्त झालेला घट एका जागीं बसून संथपणें वीज देऊं शकतो. गाडीला जुंपलेला बैल उतारवयांत मोटेला जुंपावा, तशी ही व्यवस्था आहे. तिनें मरण टळत नाहीं, लांबतें. पण तेवढ्या काळांत मोडण्याची विद्या पक्व होण्यास अवसर मिळतो.

आतां ह्या विषयांतील खऱ्या पेंचाकडे वळलें पाहिजे. घट स्वस्त व्हावा म्हणून त्यांतील प्लॅटिनम कमी करण्याची जगभर शर्यत चालली आहे. ३० ग्रॅमचे २० व्हावे, २० चे १० व्हावे, यासाठीं उत्तमोत्तम बुद्धि खर्च होत आहे, आणि एका दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु भंगारांतील प्लॅटिनम हेंच भंगार गोळा करणाराला ओढून आणणारें लोहचुंबक आहे. तें जसजसें दुबळें होईल तसतसा जुन्या घटांकडे पाहण्याचा व्यापाऱ्याचा उत्साह कमी होईल. पडद्याला, धाग्यांना, राळेला स्वतःचा भाव नाहीं. असलाच तर तो सांभाळणुकीच्या खर्चालाहि पुरत नाहीं. जें मौल्यवान् आहे तें बाजार उचलून नेईल. जें अपायकारक आहे पण मौल्यवान् नाहीं, तें मागें पडून राहील. बाजाराचा हा स्वभावच आहे, त्यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र त्याच्या भरंवशावर सर्व सोपवून निर्धास्त बसणें हा दोष ठरेल.

ह्यावर उपाय दोन, आणि दोन्ही मिळूनच गुण येईल. पहिला उपाय घडविणाराच्या हातीं आहे. पाट्या एकमेकींना कायमच्या चिकटविल्या तर घट करणें सोपें जातें, पण उघडणें कठीण होतें. त्याच पाट्या दांड्यांनीं व चाक्यांनीं आवळल्या तर त्या उलगडतां येतात. कोणता पदार्थ कोठें आहे हें प्रत्येक घटमालेवर स्पष्ट लिहिलेलें असलें तर मोडणाराला अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं. जी वस्तु उसवतां येते तीच पुन्हा शिवतां येते, हें कोणताहि शिंपी सांगेल. दुसरा उपाय कायद्याचा. जो वस्तु विकतो त्यानेंच ती आयुष्याच्या शेवटीं परत घ्यावी, तिच्या व्यवस्थेचा खर्च किंमतींत आधींच धरावा, हें तत्त्व भारतानें २०२२ सालीं विद्युत्घटांच्या कचऱ्यासंबंधीं केलेल्या नियमांत मान्य केलें आहे. इंधनघटांच्या सर्व अवयवांना, विशेषतः पडद्याला आणि टांकीला, हेंच तत्त्व स्पष्ट शब्दांत लागूं होणें इष्ट आहे.

भारताला हा विचार दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजनेला १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्माण करण्याचें उद्दिष्ट ठरलें. महाराष्ट्राचा संबंध तर अधिक जवळचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें केपीआयटी कंपनीच्या सहकार्यानें केलेल्या इंधनघटाच्या मोटारीची चांचणी २०२० सालीं झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्यें पुण्यांतच देशी इंधनघटाची बसगाडी लोकांपुढें आली. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर २०२३ मध्यें, दिल्लींत इंडियन ऑइलच्या दोन बसगाड्या सुरूं झाल्या. प्लॅटिनम मात्र जवळजवळ सर्व परदेशांतूनच येतें. तेव्हां देशांत एकदां आलेला प्रत्येक ग्रॅम देशांतच फिरत ठेवणें हें साधें गृहकृत्य आहे.

परंतु ह्या गृहकृत्यांत शिशाचा धडा विसरतां येणार नाहीं. मोटारीच्या साध्या बॅटरींतील शिसें इतक्या सहजतेनें परत मिळतें कीं, पुनर्वापराचें तें उत्तम उदाहरण म्हणून जगभर सांगितलें जातें. पण त्याच शिशासाठीं अनेक देशांत, आणि भारतांतहि, शहरांच्या कडेला उघड्यावर भट्ट्या पेटतात, आम्ल गटारांत ओतलें जातें, आणि आसपासच्या मुलांच्या रक्तांत शिसें उतरतें. शिसें वांचलें, पण मूल वांचलें नाहीं, असा तो हिशेब आहे. उद्यां एखाद्या गल्लींत, प्लॅटिनमची कुणकुण लागलेल्या एखाद्या गरिबानें इंधनघटाच्या पडद्यांची होळी केली, तर त्या धुराची बाधा प्रथम त्यालाच होईल. त्याला अडाणी म्हणून हिणवणें सोपें आहे. त्याच्या हातीं तो घट पोंचलाच कसा, हा खरा प्रश्न आहे. सोन्याचा केर धुणारा झारेकरी पाण्यानें काम करतो. हा केर मात्र पाण्याचा नाहीं. ज्यांच्याजवळ कौशल्य आहे पण साधनें नाहींत, अशांना बाहेर हांकलून न देतां, शिक्षण, हातमोजे, धूर पकडणारीं यंत्रें आणि पगार देऊन आंत घेतलें, तरच ही नवी खाण निर्दोष रीतीनें खणली जाईल.

ग्रोव्हच्या वेळीं हे प्रश्न नव्हते, कारण तेव्हां घट मूठभर होते. आजहि ते फार नाहींत, आणि हीच ह्या क्षणाची अनुकूलता आहे. पहिल्या पिढीचे घट आतां कोठें वृद्ध होऊं लागले आहेत. कोळशाची राख, पेट्रोलचा धूर व प्लॅस्टिकचा ढीग यांच्या बाबतींत मनुष्याला विचार सुचला तो ढीग डोळ्यांवर आल्यानंतर. येथें ढीग व्हावयाचा आहे. नवें वाहन दारांत आणणाऱ्या कुटुंबानें, बस विकत घेणाऱ्या नगरपालिकेनें आणि कारखान्याला सवलत देणाऱ्या सरकारनें किंमत विचारतांनाच मोडहि विचारली, तर ती सांगणें विकणाराला भाग पडेल. आणि जी मोड आधीं सांगावी लागते, ती पुढें नाकारतां येत नाहीं.